चालत्या गाडीतला शेवट

आमच्याकडे पुस्तक आधी प्रकाशित होतं आणि मग, कुणाला वेळ मिळालाच तर, वाचलं जातं. यात लपवण्यासारखं काही नाही. प्रकाशनाला शाल लागते, श्रीफळ लागतं, पुस्तकं रंगीत कागदात गुंडाळून वर फीत बांधावी लागते, आणि ती फीत सुटत नाही म्हणून व्यासपीठावरच्या कुणाच्या तरी खिशातली किल्ली लागते. पुस्तक वाचलेला माणूस लागतोच असं नाही. निवृत्त शिक्षकाला रिकामं बसू द्यायचं नाही असं संगमनेरकरांनी ठरवलेलं असल्यामुळे मी इथल्या साहित्य मंडळाचा चिटणीस झालो, आणि तेव्हापासून शाली मोजायचं काम माझ्याकडे आहे.

आमचे प्रमुख पाहुणे बहुधा कल्याणराव असतात. एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना नाना म्हणतात. माणूस मनाने चांगला. खेड्यापाड्यांत वर्गखोल्या बांधल्या, मुलींचं वसतिगृह काढलं. वाचनाचं म्हणाल तर चष्म्याचा नंबर बदलल्यापासून त्यांनी वाचलेलं नाही, आणि नंबर बदलल्याला बरीच वर्षं झाली. तरीही नानांचं भाषण ऐकायला लोक मुद्दाम येतात. इतर पाहुणे 'लेखकाने समाजापुढे आरसा धरला आहे' एवढ्यावर भागवतात आणि जेवायला बसतात. नाना गोष्ट सांगतात. नायिकेचं नाव, तिच्या दारातलं शेवग्याचं झाड, दिराचा तिरसट स्वभाव, सगळं जागच्या जागी. लेखकाचा ऊर भरून येतो. आपलं पुस्तक कुणीतरी वाचलं!

वाचलेलं असायचं ते आसारामनं.

आसाराम हा नानांचा ड्रायव्हर. पाथर्डीकडचा. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघायचे. कधी तो बरोबर जाई, कधी गावात मावशीपाशी राही, त्यामुळे शाळा नववीपर्यंत झाली आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. उंच, सडपातळ, बोलताना मान जराशी कललेली. शर्टाच्या खिशात कंगवा आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून टोलची पावती. ड्रायव्हरचं काम गाडी चालवण्याचं असतं असा आपला समज असतो. खरं काम थांबण्याचं असतं. नाना बैठकीला गेले की बाकीचे ड्रायव्हर मोबाईलवर पत्ते खेळत. आसाराम नानांना भेट आलेली पुस्तकं वाची. एकदा नाशिक रस्त्यावर नानांनी मागे पडलेल्या एका पुस्तकाकडे बोट करून सहज विचारलं, "यात काय आहे रे?" आसारामनं सांगायला सुरुवात केली. सिन्नर येईपर्यंत नानांचं भाषण तयार झालं. तेव्हापासून ही वहिवाट पडली.

पुढे लेखकांनी दिशा बदलली. आमच्या भागात पूर्वी लोक आत्मचरित्र लिहीत, किंवा सासऱ्यांचं चरित्र. आता जो तो अद्भुत, भय, रहस्य लिहू लागला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी धरणाच्या पाण्याखालच्या राज्यावर मोठी कादंबरी लिहिली. त्या राज्यातही कालव्याच्या पाण्याचं आवर्तन वेळेवर सुटत नाही, एवढं मात्र त्यांनी अनुभवातून घेतलं. औषधांच्या दुकानवाल्या गोरक्षनं भयकथा लिहिल्या, आणि गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता तो त्याला त्या ऐकवूही लागला. मग जादुई वास्तववाद आला. हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर छापल्यावर मंडळाच्या दोन सदस्यांनी मला विचारलं की, जादूगार कुठून बोलावलाय.

आसारामला यातलं काहीच अवघड गेलं नाही. नानांना गेलं. एका सकाळी गाडीत त्यांनी विचारलं, "जादुई वास्तववाद म्हणजे काय रे?"

"आता ह्या पुस्तकात बगा, नाना. गावातली मानसं ऊसाला जात्यात. सावल्या घरीच ऱ्हात्यात. सावली म्हातारीपाशी बसती, शेळ्या राखती, साळंत जाती. कुनाला नवल न्हाई."

"शाळेत जाते? हजेरी लागते?"

"लागती ना. गुर्जी भितीकडं बगून 'हजर' लिवत्यात."

नाना विचारात पडले. संस्थेच्या काही शाळांची पटसंख्या त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी. "आणि यात जादू कुठली?"

"त्येच म्हन्तो मी. निम्मी जादू हाय, निम्मं आमचं गाव."

ते पुस्तक सुमैराचं होतं. सुमैरा शेख नानांच्याच कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्याआधी काही वर्षं ती पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत होती आणि तिथल्या अर्ध्या रिकाम्या वर्गातून तिने ही कादंबरी आणली. नाव 'भिंतीवरची आई'. एक लहान मुलगी गावात मावशीकडे राहते. आई ऊसतोडीला गेलेली, पण आईची सावली भिंतीवर आहे. मुलगी तिच्याशी बोलते, तिच्यापाशी झोपते. शेवटी एके दिवशी भर दुपारी भिंतीवरची सावली विरून जाते. तिकडे काय झालं ते पुस्तक सांगत नाही. मुलगी भाकरीचा तुकडा भिंतीला लावून बसते, आणि कादंबरी तिथे संपते. मी मुद्रितं तपासली होती. त्या शेवटच्या पानावर मला काना-मात्रा दिसेनाशी झाली होती.

आता आसारामचा नियम सांगायला हवा. तो आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. गाडी चालू असताना तो गोष्टीतल्या कुणाला मरू देत नसे. नियम मूळचा त्याच्या आईचा. कारखान्याजवळ ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या असत. त्यात संध्याकाळी ती पोरांना गोष्ट सांगे आणि झोपायच्या आत गोष्टीतल्या सगळ्यांना घरी पोचवी. "मानूस मेलेलं ठिवून झोपलं, तर सकाळी कोयता हातात ऱ्हात न्हाई," असं तिचं म्हणणं. तिच्या हातात कोयता होता, आसारामच्या हातात स्टिअरिंग आलं, एवढाच फरक. पहिल्या पानावर झालेल्या खुनाला त्याची हरकत नसे, कारण तो नाना गाडीत बसायच्या आत उरकलेला असे. पण पुढे कुणी मरायला टेकलं की आसाराम त्याला वाचवी. गोरक्षच्या भयकथेतल्या चेटकिणीला त्यानं परस्पर माहेरी धाडलं होतं. एका फौजदाराला पुलावरून पडू दिलं नव्हतं.

म्हणजे नाना इतकी वर्षं व्यासपीठावरून जे शेवट सांगत होते, ते त्या पुस्तकांत नव्हतेच. आणि एकाही लेखकानं तक्रार केली नव्हती. एका कादंबरीकारानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, नानांनी माझ्या कादंबरीचा केवढा वेगळा अर्थ लावला! वाचक असावा तर असा." तक्रार करायची तर दुसरं कोण करणार? त्यासाठी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं.

सुमैराच्या प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. पाण्याखालचं राज्य, चेटकीण आणि आणखी एक रहस्यकथा असं सगळं एकाच सोहळ्यात होतं, कारण हॉल एकदाच मिळाला. लेखकांची मनोगतं आधी झाली. मग नाना उठले. सुमैराच्या कादंबरीपाशी आल्यावर त्यांचा आवाज कापायला लागला. "...आणि एके दिवशी ट्रॅक्टरचा आवाज येतो! आई खाली उतरते. आणि भिंतीवरची सावली, काय सांगू तुम्हाला, ती सावली धावत जाते आणि आईच्या पायाला बिलगते!" नानांनी रुमाल काढला. सभागृहानं रुमाल काढले. सुमैराच्या चेहऱ्यावर फोटोसाठी ठेवतात तसं हसू होतं आणि ते कार्यक्रम संपेपर्यंत हललं नाही. तिच्या सगळ्या प्रती जागेवर संपल्या.

चहाच्या वेळी ती माझ्यापाशी आली. "सर, नानांनी सांगितलेला शेवट माझा नाही."

"मग कुणाचा?"

"तेच तुम्हाला विचारायला आले."

पाहुण्यांना चूक दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी तिला बिस्किटं दिली.

आणि मग ती आपत्ती आली, जिची आमच्या मंडळाला मुळीच सवय नव्हती. लोकांनी पुस्तक वाचलं. आठवडाभरात वाचक प्रती घेऊन माझ्या दारात उभे राहू लागले. निवृत्त परिचारिका लंकाबाई सगळ्यात आधी आल्या. "सर, माझ्या प्रतीत शेवटच्या पानांचा फॉर्मा सुटलाय बघा. ट्रॅक्टर येतच नाही." मी पानांचे आकडे दाखवले, सगळी पानं आहेत म्हणालो. "मग सगळ्याच प्रतींतला सुटला असेल," असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडेच ठेवलं. काहींनी प्रेसला फोन केले. एका शिक्षकानं सुमैराला निरोप पाठवला की, उरलेली पानं व्हॉट्सॲपवर टाका.

नानांना हे कळलं ते स्नेहसंमेलनाच्या तयारीत. त्यांना मुलींकडून तो सावलीचा प्रवेश बसवून घ्यायचा होता, आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या की, असा प्रवेश पुस्तकात नाही. नाना भडकले. नगरच्या प्रेसवाल्यानं गरीब मुलीच्या पुस्तकाचं वाटोळं केलं, असं त्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सुमैराला गाडीत घालून नगरला निघाले. नाना पुढे, सुमैरा मागे, आसाराम स्टिअरिंगवर. गाडीत काय झालं ते मला सुमैरानं सांगितलं आणि नंतर आसारामनं. आसारामचं सांगणं एरवी पडताळून घ्यावं लागतं. या वेळी दोघांचं जुळलं.

लोणी मागे पडल्यावर नानांनी विचारलं, "मॅडम, अंदाजे किती पानं गेली असतील?"

"सर, एकही नाही. पुस्तक तिथेच संपतं."

"असं कसं? ट्रॅक्टर येतो ना गावात?"

"नाही येत, सर."

"मॅडम, लिहिलंय तुम्ही, मान्य. पण मी भर सभेत सांगितलंय." नाना मागे वळले. "लिहून लिहून माणूस दमतं, विसरतं. तुम्ही दोन पानं पुन्हा लिहून द्या, प्रेसवाला लगेच जुळवील, नवी आवृत्ती मी काढून देतो. तुम्हाला आठवत नसेल तर आसाराम सांगेल, तुम्ही उतरवून घ्या. काय रे?"

आसारामची नजर रस्त्यावरून आरशाकडे गेली. सुमैराला तेव्हा सगळं कळलं. आरशात तिला त्याचे डोळे दिसत होते, आणि त्याला तिचे. ती म्हणते, मी तोंड उघडलं असतं तर त्याचं वाचन संपलं असतं, आणि नसतं उघडलं तर माझं पुस्तक. नानांनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता हेही खरंच. तिनं पुस्तक नुसतं लिहिलं होतं. नानांनी ते ऐकलं होतं.

कोल्हारच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. आसारामनं रसाच्या बंद गुऱ्हाळापाशी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"नाना, ती दोन पानं म्याडमची न्हाईत. माजी हायेत."

"तुझी?"

"सावली जाती, नाना. भर दुपारी. पोरगी भाकर घिऊन भितीपाशी बसती. पुस्तक तितंच सपतं. ट्रॅक्टर मी आनला."

"पण का?"

"गाडी चालू हुती." मग त्यानं आईचा नियम सांगितला.

नानांनी काच खाली केली. मग हळूच म्हणाले, "ती चेटकीण?"

"जाळली तिला. गावानं."

"आणि तो फौजदार?"

"पुलावरच गेला, नाना."

"अरे, त्याच्या लेकीच्या लग्नाचं मी कोपरगावला सांगून आलो!"

"लगीन झालं. त्यो नव्हता."

नानांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगत फिरलो."

"खोटं न्हाई, नाना. वाचिवलं."

मागून सुमैरानं विचारलं, "आसारामभाऊ, माझं पुस्तक तुम्ही पुन्हा वाचलंत?"

"वाचलं ना, ताई. शेवट येकदाच. बाकीचं दोनदा."

"गाडी वळव," नाना म्हणाले. संगमनेरला उतरताना नानांनी निकाल दिला. "इथून पुढं तू गाडी चालव. पुस्तकाचं एक अक्षर मला सांगायचं नाही."

सुमैराची दुसरी आवृत्ती निघाली, शेवट जसाच्या तसा. लंकाबाई अजूनही म्हणतात, सुटलेला फॉर्मा याही वेळी सुटला.

पुस्तकांचं काम नानांच्या पुतण्याकडे गेलं. आदिनाथ सुप्याला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तो कुठल्याही कादंबरीचे मोबाईलवर ठळक मुद्दे काढून काकांना पाठवी. नाना ते मुद्दे वाचून दाखवू लागले, आणि लोक पहिल्या दोन मुद्द्यांनंतर घड्याळाकडे पाहू लागले. आसाराम गाडी चालवी, वेळेवर येई, वेळेवर जाई. एकदा बाजारात त्याची बायको राहीबाई भेटली. ती वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकांनी माजं घर बुडवलं की हो. मानूस जेवतबी न्हाई धड. राती मला गोष्ट सांगतो आन वर म्हन्तो, तू नानावानी आयकत न्हाई. आता भाकरी थापू का मान हलवू?"

यानंतर कर्जतचं निमंत्रण आलं. तिथल्या वकील पंकजाताईंची पहिली रहस्यकादंबरी. एका शेतकरी कुटुंबातल्या थोरल्या जावेचा खून होतो आणि शंका सगळ्या घरावर फिरत राहते. मीही नानांबरोबर गेलो. गाडीत नाना मोबाईल पाहत होते, आसाराम रस्ता पाहत होता आणि पंकजाताईंची भेट प्रत मागच्या सीटवर माझ्या शेजारी होती. तिच्यातून टोलची पावती डोकावत होती. बंदी सांगण्यावर आहे, वाचण्यावर नाही, असा त्यानं अर्थ काढलेला दिसला. असे विद्यार्थी माझ्या वर्गातही असत. मी त्यांना शिक्षा करायचो नाही.

सभागृहात फीत सुटली, प्रती उंचावल्या गेल्या, फोटो झाले. नानांनी मोबाईल काढला. "मुद्दा पहिला: ग्रामीण वास्तवाचं चित्रण. मुद्दा दुसरा: स्त्रीमनाचे पदर." पंकजाताई समाधानानं मान हलवत होत्या. "मुद्दा पाचवा: खुनी धाकटी जाऊ."

पंकजाताईंची मान जिथे होती तिथे राहिली. पाठीमागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चला, हे एक काम झालं," आणि लोक जेवणाच्या मांडवाकडे निघाले. दाराशी रचलेला पुस्तकांचा ढीग होता तेवढाच राहिला. नाना व्यासपीठावरून उतरले तेव्हा त्यांना एवढं कळलं होतं की काहीतरी बिघडलं, पण काय ते कळेना. "सर, मुद्दे तर बरोबर होते ना?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, अगदी बरोबर होते.

आम्ही बाहेर आलो तर एकाही गाडीत ड्रायव्हर नव्हता. सभागृहामागच्या कडुलिंबाखाली सगळे गोळा झाले होते, कुणी उकिडवे, कुणी बोनेटला टेकून, एकाच्या हातात अर्धी खाल्लेली पुरी तशीच. मधे आसाराम.

"...आन खून झाल्यावर ती पैल्यांदा काय करती? शेळी वरडत आसती दावनीला. सकाळधरनं पानी न्हाई तिला. ही हात धुती आन त्याच बादलीतलं पानी शेळीम्होरं ठिवती. शेळी तोंड लावीना."

"आयला," कुणीतरी म्हणालं.

"तितं त्या हवालदाराचं ध्यान जातं."

नाना त्यांच्यामागे येऊन उभे राहिले होते. आसारामनं त्यांना पाहिलं आणि तो उठला. "नाना, निगायचं?"

"शेळी कुठली?" नाना म्हणाले. "मुद्द्यांत शेळी नव्हती."

"पैल्या पानापसनं हाय, नाना."

"धाकट्या जावेनं केला हे मला ठाऊक आहे."

"त्ये ह्यान्लाबी मगाशीच सांगितलं मी. पन का केला, त्ये तुमाला ठाव हाय का?"

एका ड्रायव्हरनं रुमालानं दगड झटकला. नाना त्याच्यावर बसले. शेवट चांगला नव्हता. धाकटी जाऊ स्वतःहून चौकीत जाते आणि जाताना शेळी शेजारणीला देऊन जाते. आसारामनं कुणाला वाचवलं नाही, ट्रॅक्टर आणला नाही. गोष्ट संपेपर्यंत पंकजाताईही बाहेर येऊन लिंबाच्या पलीकडे उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून, जणू स्वतःची गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या दिवशी कर्जतला त्यांच्या ज्या प्रती खपल्या, त्या ड्रायव्हरांनी घेतल्या. साहित्यप्रेमी अजून मांडवात जिलेबी घेत होते.

गाडीत बसल्यावर नानांनी आदिनाथला फोन लावून सांगितलं की, बाबा तुला कारखान्यात काम फार असतं, हे आता राहू दे. मग पुढे पाहत म्हणाले, "शेवट गाडी थांबवून सांगायचा. खरा. सभेत किती सांगायचा ते मी बघतो."

"व्हय, नाना."

"रविवारी राहुरीला भुताचं पुस्तक आहे. वाचून ठेव."

आसारामनं चावी फिरवली. "भुताचं सोपं हाय, नाना. त्ये आदीच मेलेलं आसतंय."

नाना हसले नाहीत. त्यांनी सीट थोडी मागे केली, पट्टा लावला आणि म्हणाले, "बरं, पण सुरुवात कुठून होते?"